एका रेषेतल्या पाच गाठी : नवजात ताऱ्याच्या झोताचं एक प्रकरण

हे प्रकरण एका छोट्या संशोधनगटाचं आहे. पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी, तिचे मार्गदर्शक आणि वर्णपटाच्या कामात मुरलेला एक सहकारी, एवढीच माणसं. वायू आणि धुळीच्या ज्या मेघात हे तारे घडताहेत त्याचं नाव, निर्देशांक आणि खरं अंतर मुद्दाम दिलेलं नाही. आकडेमोड दाखवायची वेळ येईल तिथे सोयीसाठी १,००० पार्सेक अंतर धरलं आहे (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं). मी या कामात कडेला होतो, प्रतिमांवरच्या चर्चांपुरता.

पार्श्वभूमी

तारा घडत असतो तेव्हा भोवतालच्या तबकडीतून त्याच्यावर वायू येऊन पडत असतो, आणि आलेल्यातला काही भाग दोन्ही ध्रुवांच्या दिशेने अरुंद झोतांच्या रूपात बाहेर फेकला जातो. त्याचा वेग सेकंदाला शंभर-दोनशे किलोमीटरच्या घरात सहज असतो. हा झोत पुढच्या थंड वायूवर किंवा स्वतःच्याच आधी सुटलेल्या संथ वायूवर आदळला की आघात होतो, वायू तापतो आणि चमकतो. जॉर्ज हर्बिग आणि गिलेर्मो आरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला अभ्यासलेले धूसर ठिपके म्हणजे याच आघातांचे दृश्य प्रकाशातले अवशेष. त्यांना आज हर्बिग-आरो पिंड म्हणतात. मात्र हा प्रकाश आघाताचा आहे हे पटायला १९७० चं दशक उजाडावं लागलं.

दृश्य प्रकाशात यातलं फार थोडं दिसतं, कारण सगळ्यात तरुण तारे सगळ्यात दाट धुळीत असतात. दृश्य प्रकाश २० प्रतींनी (प्रत हे तेजस्वितेचं माप) कमी करणारी धूळ मध्ये असेल तर तो दहा कोटी पटींनी मंदावतो. त्याच धुळीतून २.२ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश साधारण सात-आठ पटींनीच कमी होतो. शिवाय निसर्गाने इथे एक सोय करून ठेवली आहे. सुमारे २,००० केल्व्हिनपर्यंत तापलेला रेणू हायड्रोजन २.१२ मायक्रॉनवर एक ठळक रेषा देतो. थंड मेघातला हायड्रोजन ती रेषा देत नाही. त्यामुळे अरुंद फिल्टर लावून २.१२ मायक्रॉनवर फोटो घेतला की मेघात आघात कुठे कुठे चालले आहेत त्याचा जवळजवळ नकाशाच हाती येतो. ‘जवळजवळ’ म्हणायचं कारण पुढे येईलच.

विद्यार्थिनीची सुरुवात मात्र २.१२ मायक्रॉनपासून झाली नव्हती. ती स्पिट्झर या अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीच्या संग्रहातल्या प्रतिमा चाळत होती. स्पिट्झरच्या कॅमेऱ्यात ३.६, ४.५, ५.८ आणि ८ मायक्रॉन अशा चार पट्ट्या होत्या. रंगीत प्रतिमा बनवताना ४.५ ची पट्टी हिरवी दाखवायची पद्धत पडली. २००८ मध्ये आकाशगंगेच्या पट्ट्याच्या सर्वेक्षणातून अशा तीनशेहून अधिक पसरट हिरव्या डागांची यादी प्रसिद्ध झाली, आणि ‘हिरवा डाग म्हणजे झोत’ असं समीकरण बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलं. त्याला आधारही होता. या पट्टीत रेणू हायड्रोजनच्या अनेक रेषा येतात, कार्बन मोनॉक्साइडचीही पट्टी येते, आणि बाकीच्या तीन पट्ट्यांत गोंधळ घालणारे मोठे कार्बनी रेणू (ज्यांना पीएएच म्हणतात) इथे फारसे चमकत नाहीत.

तिला एका काळ्या मेघाच्या पोटात असाच एक हिरवा ओरखडा दिसला. मधोमध लालभडक ठिपका, वायव्येला आणि आग्नेयेला हिरवी शेपटं. कोणालाही एकच वाक्य सुचेल असं ते चित्र होतं : एक तारा, दोन झोत.

अडचण

त्या भागाची २.१२ मायक्रॉनची प्रतिमा आधीपासूनच उपलब्ध होती. हवाईच्या मौना केआवरच्या ३.८ मीटर यूकर्ट दुर्बिणीने आकाशगंगेच्या पट्ट्याचं रेणू हायड्रोजनच्या रेषेतलं मोठं सर्वेक्षण केलेलं आहे आणि त्याचा डेटा खुला आहे. तिने अरुंद फिल्टरच्या प्रतिमेतून रुंद के-पट्टीची (२.२ मायक्रॉनभोवतीची) प्रतिमा वजा केली. तारे नाहीसे झाले आणि पाच गाठी उरल्या. त्यांना तिने क, ख, ग, घ, ङ अशी नावं दिली. वायव्येला क आणि ख, आग्नेयेला ग आणि घ, आणि मेघाच्या उजळ कडेजवळ, जरा बाजूला, ङ.

पहिल्या मसुद्यात या सगळ्या गाठी एकाच माळेत ओवल्या होत्या. लाल ठिपका हा चालक तारा, म्हणजे झोत सोडणारा, क ते घ हा त्याचा दुहेरी झोत. ताऱ्यापासून सगळ्यात दूरच्या क पर्यंतच्या लांबीला अंदाजे वेगाने भागलं की झोताचं वय. आता ग थोडी रेषेबाहेर होती. त्यासाठी झोताचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो असा एक परिच्छेद जोडलेला होता. अक्ष डुलणारे झोत आहेत, त्यामुळे हे स्पष्टीकरण अशक्य नव्हतं. पण इथे ते एका गाठीची सोय लावण्यासाठी बोलावलं होतं, आणि तसं बोलावलेल्या स्पष्टीकरणाकडे मी नेहमी संशयानेच बघतो.

खरी खटकणारी गोष्ट विद्यार्थिनीनेच काढली. क ही नुसती गाठ नव्हती, ती लहानशी कमान होती. झोताच्या टोकाशी होणारा आघात पुढे जाणाऱ्या होडीपुढच्या लाटेसारखा असतो : टोक पुढे, बाहू मागे. म्हणजे कमानीचं टोक चालक ताऱ्यापासून दूर रोखलेलं असायला हवं. क चं टोक जवळपास उत्तरेकडे होतं.

“सर, ही कमान त्या ताऱ्याची असेल तर ती वाकडी का चाललीय?”

“अगं, सीइंग एका आर्कसेकंदाचं आहे. तीन पिक्सेलच्या आकारावर किती विश्वास ठेवायचा?”

(सीइंग म्हणजे वातावरणामुळे फोटोत येणारा पसरटपणा, आणि आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग.) दोघांचंही म्हणणं रास्त होतं, म्हणूनच तो प्रश्न तिथेच अडकून पडला. त्याखाली आणखी दोन शंका होत्या. ताऱ्याला चिकटलेला हिरवा भाग खरंच आघाताचा आहे की झोताने पोखरलेल्या पोकळीच्या भिंतीवरून परावर्तित झालेला ताऱ्याचाच प्रकाश? आणि ङ? जवळच्या एखाद्या तप्त ताऱ्याचे अतिनील किरण पडूनही रेणू हायड्रोजन चमकतो, त्याला झोत लागत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा होता. संग्रहातल्या डेटावर लेख लिहायचा, ‘संभाव्य झोत’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. विद्यार्थिनीला पहिला लेख लवकर हवा होता, आणि अशा याद्यांचा पुढच्यांना उपयोगही होतो. पण लेखाचा गाभा म्हणजे झोताची लांबी, वय आणि ऊर्जा. चालक तारा चुकला की हे तिन्ही चुकतात. ‘संभाव्य’ हा शब्द शीर्षकात राहतो, कोष्टकातला आकडा मात्र पुढचे लोक तसाच उचलतात.

दुसरा पर्याय के-पट्टीतला वर्णपट घेण्याचा. २.१२ मायक्रॉनची रेषा आणि २.२५ जवळची तिची बहीण यांचं गुणोत्तर आघातात दहाच्या आसपास असतं, विरळ वायूतल्या अतिनील चमकीत दोनच्या आसपास. म्हणजे गाठ आघाताची की चमकीची याचा निवाडा होऊ शकतो. सहकाऱ्याला यातून डॉप्लर वेगही, म्हणजे दृष्टिरेषेतले वेग, हवे होते. इथे चर्चा बराच वेळ रेंगाळली. मिळू शकणाऱ्या उपकरणाचं विभेदन (जवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची क्षमता) सुमारे १,००० होतं, म्हणजे वेगात ३०० किलोमीटर प्रति सेकंद. रेषेचा मध्यबिंदू त्याच्या दहाव्या भागापर्यंत काढता येतो हे खरं, पण झोत जवळपास आकाशाच्या पृष्ठातच आडवा असेल तर दृष्टिरेषेतला त्याचा वेग तेवढाच असू शकतो. शेवटी ठरलं की वर्णपट गुणोत्तरासाठी घ्यायचा, त्यातून वेगाची अपेक्षा धरायची नाही.

तिसरा पर्याय निजगतीचा : त्याच फिल्टरमधून पुन्हा फोटो काढायचा आणि गाठी कुठे सरकल्या ते बघायचं. गणित सोपं आहे. वेग (किलोमीटर प्रति सेकंद) = ४.७४ × अंतर (पार्सेक) × कोनीय गती (आर्कसेकंद प्रति वर्ष). सेकंदाला १०० किलोमीटर वेग आणि १,००० पार्सेक अंतर धरलं तर वर्षाला ०.०२१ आर्कसेकंद. दहा वर्षांत ०.२१. जमिनीवरच्या दुर्बिणीतून गाठीचा मध्य ०.१ आर्कसेकंदापर्यंत पकडता आला तर हे मोजमाप होतं, पण जेमतेम. जमेची बाजू अशी की पहिला फोटो सर्वेक्षणात दशकापूर्वीच निघालेला होता. वाट बघण्याचं काम आधीच कुणीतरी करून ठेवलं होतं.

चौथा पर्याय मिलिमीटर तरंगांच्या दुर्बिणीसाठी अर्ज करण्याचा. धुळीत पूर्ण बुडालेले तारे आणि त्यांचे कार्बन मोनॉक्साइडचे झोत तिथे थेट दिसतात. मार्गदर्शकांनी तो पुढे ढकलला. कारण असं दिलं की आधी काही ठोस हातात असल्याशिवाय अर्ज टिकणार नाही.

काय केलं

सगळ्यात आधी वजाबाकी नव्याने केली. हे काम कंटाळवाणं असतं आणि बहुतेक खोटी ‘गाठ’ इथेच जन्माला येते. दोन फोटोंच्या रात्री वेगळ्या, सीइंग वेगळं. तसंच वजा केलं तर प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती काळी-पांढरी कडी उरतात. म्हणून जास्त रेखीव फोटो आधी दुसऱ्याइतका पसरवून घ्यावा लागतो. मग रंगाचा प्रश्न. के-पट्टीचा मध्य २.२ च्या आसपास आहे, अरुंद फिल्टर २.१२ वर. सरासरी ताऱ्यांवरून प्रमाण ठरवलं की त्यांच्याहून तांबूस वस्तू वजाबाकीत काळी उरते आणि निळसर वस्तू किंचित उजळ. म्हणजे लाल ठिपक्याजवळ उजळपणा उरला तर तो खऱ्या रेषेचा असण्याची शक्यता वाढते, पण पोकळीतला परावर्तित प्रकाश विखुरताना निळसर झालेला असेल तर तो फसवू शकतो. नव्या वजाबाकीत ताऱ्याला चिकटलेला उजळ भाग पुष्कळ फिका पडला. पाचही गाठी टिकल्या. क ची कमानही टिकली, आणि टोक अजून उत्तरेकडेच.

मग वर्णपट. एका लांब स्लिटमध्ये (वर्णपटमापकाच्या अरुंद फटीत) ख, तारा आणि ग येतील असा कोन धरला, ङ साठी वेगळा. रात्रीच्या हवेतले हायड्रॉक्सिल रेणू अवरक्तात इतके चमकतात की आकाश वजा केल्याशिवाय काही दिसत नाही. त्यासाठी पिंड स्लिटवर दोन जागी आलटूनपालटून ठेवतात आणि एक फ्रेम दुसऱ्यातून वजा करतात. इथे नेमकी गंमत झाली. पहिल्या रात्रीच्या निकालात ग च्या जागी २.१२ ची रेषा चक्क ऋण आली. सहकाऱ्याने आधी डिटेक्टरवर शंका घेतली. कारण साधं होतं : सरकवण्याचं अंतर असं निवडलं गेलं होतं की दुसऱ्या फ्रेममध्ये ख येऊन बरोबर ग च्या जागी बसत होती. झोत वजा होत होता तो दुसऱ्या झोतानेच. पुढच्या रात्री मेघापासून दूर, रिकाम्या आकाशात जाऊन वेगळ्या फ्रेम घेतल्या. निम्मा वेळ त्यात गेला. तरी ते टाळता येण्यासारखं नव्हतं.

त्यातून तीन गोष्टी सुटल्या. ख आणि ग यांचं गुणोत्तर आघाताचं निघालं. ताऱ्याला चिकटलेल्या भागात रेषा जवळपास नव्हती, सलग प्रकाशच होता : म्हणजे स्पिट्झरच्या प्रतिमेतलं ते हिरवं शेपूट मुळाशी तरी परावर्तित प्रकाशाचं होतं. आणि ङ चं गुणोत्तर तीनच्या आसपास आलं. मेघाच्या कडेवर पडणाऱ्या अतिनील प्रकाशाचं ते काम. दाट वायूत अतिनील चमकसुद्धा आघातासारखं गुणोत्तर दाखवू शकते, त्यामुळे मोठं गुणोत्तर एकट्याने आघात सिद्ध करत नाही. लहान गुणोत्तर मात्र आघात जवळपास नाकारतं. ङ यादीतून गेली.

निर्णयाची कसोटी इथे होती. चार खरे आघात नक्की झाले आहेत असं धरून (क आणि घ चे वर्णपट नव्हते, पण आकारावरून शंका नव्हती) लेख पाठवायचा का? मार्गदर्शकांचा कल तिकडे होता. विद्यार्थिनी अडून बसली : क च्या टोकाचं उत्तर मिळाल्याशिवाय वयाचं कोष्टक छापायचं नाही. तडजोड अशी निघाली की दुसऱ्या फोटोसाठी अर्ज करायचा, आणि तो मिळाला नाही तर कोष्टक वगळून लेख पाठवायचा. वेळ मिळाला.

दोन फोटो जुळवतानाही एक गोष्ट कळीची ठरली. स्थानांचा संदर्भ म्हणून गाया उपग्रहाच्या यादीतले तारे वापरायचे तर काळ्या मेघासमोर ते मोजकेच, आणि जे आहेत ते बहुतेक जवळचे, म्हणजे स्वतःच सरकणारे. त्यांची निजगती आधी वजा न करता जुळवणी केली असती तर सगळ्या गाठी मिळून एकाच दिशेला घसरल्यासारख्या दिसल्या असत्या.

निष्पत्ती

ख वायव्येला सरकलेली दिसली, घ आग्नेयेला. दोघींच्या मागे रेषा ओढली तर ती लाल ठिपक्यापाशी मिळत होती. हा तो मूळ झोत. क मात्र उत्तरेकडे चालली होती, तिची कमान जिकडे रोखलेली होती त्याच दिशेला, आणि ग दक्षिणेकडे. या दोघींची रेषा पहिल्या रेषेला छेदून जात होती. ती जिथून सुटली असावी त्या जागी स्पिट्झरच्या कोणत्याच पट्टीत ठिपका नव्हता. स्पिट्झरच्याच दुसऱ्या उपकरणाची २४ मायक्रॉनची प्रतिमा उपयोगी नव्हती : तिचं विभेदन सुमारे ६ आर्कसेकंद, आणि लाल ठिपक्याच्या झगमगाटात सगळा परिसर बुडालेला.

तेव्हा कुठे कुणालातरी आल्मा या मिलिमीटर तरंगांच्या दुर्बिणीचा खुला संग्रह बघायचं सुचलं. कोणीतरी त्याच मेघातल्या वेगळ्याच लक्ष्याकडे दुर्बीण रोखली होती. गटाला हवी ती जागा त्या दृश्यक्षेत्राच्या कडेला होती, जिथे संवेदनशीलता बरीच घसरते. तरीही धुळीचा एक घट्ट ठिपका तिथे होता. अवरक्तात न दिसणारा, म्हणजे बहुधा लाल ठिपक्याहूनही तरुण. असे चालक तारे दुर्मीळ नाहीत. ययाती तारकासमूहातल्या एचएच २११ चा झोत २.१२ मायक्रॉनमध्ये झळकतो, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची जेम्स वेब दुर्बिणीची प्रतिमा तर गाजली, पण त्याचा तारा निकट अवरक्तात थेट दिसत नाही.

म्हणजे मेघात एक नव्हे, दोन झोत होते. पहिल्याची लांबी मसुद्यातल्या लांबीपेक्षा बरीच कमी झाली, कारण सगळ्यात दूरची क त्याची नव्हतीच. वय त्याच प्रमाणात घटलं. सेकंदाला १०० किलोमीटरने एक पार्सेक कापायला सुमारे १०,००० वर्षं लागतात, तेव्हा लांबीत झालेला फरक थेट हजारो वर्षांत उतरतो. अक्ष डुलण्याचा परिच्छेद पूर्ण काढून टाकला. ग रेषेबाहेर होती कारण ती त्या रेषेची नव्हती.

सगळंच पक्कं झालं असं मात्र नाही. ग फिकी आहे आणि दहा वर्षांत तिचा आकारही थोडा बदलला आहे. गाठीचा मध्य सरकला तो वायू सरकल्यामुळे की एक बाजू विझून दुसरी उजळल्यामुळे, हे दोन फोटोंवरून वेगळं काढता येत नाही. लेखात ग चा वेग दिला आहे, पण त्यावरून वय काढलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मिलिमीटर संग्रह पहिल्याच आठवड्यात बघता आला असता. नव्या निरीक्षणासाठी अर्ज टिकणार नाही हे मार्गदर्शकांचं म्हणणं बरोबर होतं, पण अर्ज आणि संग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संग्रहात शोधताना ‘या निर्देशांकाचं लक्ष्य’ असं न शोधता ‘हा बिंदू ज्याच्या दृश्यक्षेत्रात येतो असं काहीही’ असं शोधावं लागतं. बहुतेक जण पहिल्या शोधात काही आलं नाही की थांबतात.

स्लिटचा कोन गृहीत धरलेल्या झोताच्या रेषेवर ठेवला, हेही चर्चेत आलं. ज्या कल्पनेची तपासणी करायची तिच्याच रेषेवर स्लिट ठेवलं की तिच्या बाहेरचं काही दिसायची शक्यताच राहत नाही. क वर एक स्लिट पडलं असतं तर तिच्या दोन बाहूंमधला फरक तरी दिसला असता. सहकाऱ्याचं मत अजूनही वेगळं आहे : मिळालेल्या वेळात तीन ठळक गोष्टी एका स्लिटमध्ये घेणं हाच शहाणपणाचा सौदा होता. मला त्याचं म्हणणं पूर्ण चूक वाटत नाही.

नावं देण्याबद्दल एक लहान बाब. क, ख, ग, घ ही नावं वायव्येकडून आग्नेयेकडे ओळीने दिली गेली आणि मसुदा वाचणारा प्रत्येक जण त्या ओळीला माळ समजत गेला. आता गट नव्या मेघात गाठींना नुसते स्थानाचे आकडे देतो.

पुढच्या अर्जात जेम्स वेबचे २.१२ आणि १.६४ मायक्रॉनचे अरुंद फिल्टर मागितले आहेत. दुसरा आयनित लोहाचा. हायड्रोजनचे रेणू तुटतील इतका जोरदार आघात असेल तिथे लोह चमकतं, म्हणजे झोताचा वेगवान कणा वेगळा दिसेल. २.१२ वर त्या दुर्बिणीचं विभेदन सुमारे ०.०७ आर्कसेकंद आहे. जे सरकणं जमिनीवरून बघायला दशक लागलं ते तिथे तीन-चार वर्षांच्या अंतराने मोजता येईल, आणि ग चा आकार बदलतोय की ती खरंच चालतेय हेही. मधल्या काळात क आणि ग च्या तारकेसाठी आल्माचा स्वतंत्र अर्ज गेला आहे, यावेळी दृश्यक्षेत्राच्या मध्यावर धरून.